षटकाराला दोन हात लागतात

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा हात अजून पुरता पोचत नाही, तेव्हा हा साडेसात अंगांचा समज. उरलेलं अर्धं अंग महिन्याभरात पाठवते.) वि. वि. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेतोस, की वहिनी ओरडल्या की घेतोस? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. माझे केस परत आले आहेत आणि पूर्वीपेक्षा कुरळे आले आहेत, त्यामुळे शाळेत नवीन पोरी मला कडक समजत नाहीत. सवय होईल त्यांना.

तू पाठवलेलं खांदेदुखीचं मलम पोचलं. ही सहावी बाटली. त्याआधी शेकायची पिशवी आली, मानेचा पट्टा आला, आणि लाकडी, दातेरी, दोन मुठींचं काहीतरी आलं. ते पाठीवर फिरवायचं की जमिनीवर हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. सध्या आम्ही ते दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो आणि त्या कामाला ते उत्तम आहे. मलम तुझ्या मेव्हण्यांच्या पाठीला लागू पडलं. तुझ्या मायेबद्दल मला तिळभर शंका नाही. पण दादा, माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही आणि तुला ते माहीत आहे. मला कॅन्सर झाला होता. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डावी बाजू काढली, काखेतल्या गाठी काढल्या, आणि त्यापायी हात वर जाईना. खांदा बिचारा शेजारी राहतो म्हणून उगाच गोवला गेला. तू मात्र सगळ्या गोतावळ्यात "तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं" असं सांगून मोकळा झालास. मावशीने फोन करून विचारलं, कुठे पडलीस गं? तुझ्या लेकीने विचारलं, आत्या, खांदा कसा आहे? मी म्हटलं, छान आहे. (खोटं नव्हतं.) ज्या माणसाने पस्तीस वर्षं रेल्वेच्या माइकवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर आणि किती उशिरा येणार हे न अडखळता सांगितलं, त्याच्या माइकला बहिणीच्या वेळीच काय झालं कोण जाणे. सात महिन्यांत तू एकदाही आला नाहीस. मी रागावले नाही, कारण खरं सांगायचं तर तो शब्द माझ्याही तोंडातून निघत नव्हता. पण गेल्या शनिवारी मैदानावर जे घडलं ते तुला चार तोंडांतून, चार प्रकारे कळणार, त्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. पत्र लांब आहे. चष्मा पुसून घे.

तुला ठाऊकच आहे, शाळांच्या मुलींच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना एकोणीस तारखेला आहे. बावीस वर्षं त्या सामन्यात मी अंपायर म्हणून उभी राहिले, आणि येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होणार, म्हणजे हा तेविसावा सामना शेवटचा. (मी अंपायर कशी झाले हे तू लोकांना कधी सांगत नाहीस, म्हणून मी सांगते. मागच्या अंगणात तुम्ही मुलगे मला बॅट द्यायचा नाहीत. "तू लहान आहेस, तू अंपायर हो" म्हणून मला विटांच्या मागे उभं केलंत. पहिल्याच दिवशी मी तुला पायचीत दिलं. तू आईकडे तक्रार घेऊन गेलास. आईने खेळ पाहिलाही नव्हता, तरी माझा निर्णय कायम ठेवला.) ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर लोक काय काय विचारतात म्हणे. मी नर्सला विचारलं, एकोणीस तारखेपर्यंत हात वर जाईल का? तिला वाटलं मी अजून गुंगीत आहे, आणि तिने माझी उशी सरळ केली.

अंपायरचं काम म्हणजे सगळं हातांचं. बाद द्यायला उजव्या हाताचं एक बोट पुरतं, तेव्हा पोरींना घरी पाठवायला मी दवाखान्याच्या खाटेवरूनही समर्थ होते. नो बॉलला एक हात आडवा, तो उजवा चालतो. चौकाराला उजवा हात छातीसमोर हलवला की झालं. बायला एक हात सरळ डोक्यावर. वाइडला दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे. आणि षटकाराला दोन्ही हात डोक्यावर, सरळ, कानाला लागून. म्हणजे वाइडला नव्वद डिग्री आणि षटकाराला एकशे ऐंशी. स्पर्धेच्या समितीने फार गोड शब्दांत कळवलं होतं की बाईंना सर्व खुणा करता येत असतील तर आम्हाला आनंदच आहे, नसतील तर त्यांनी बक्षीस समारंभाला पाहुण्या म्हणून यावं. पाहुणी! बावीस वर्षं ज्या मैदानावर पोरींना उन्हात उभं केलं तिथे मी सावलीत खुर्चीवर बसून सरबत पिणार! त्या दिवशी मी ठरवलं की काय वाटेल ते होवो, डावा हात कानाला लावीन.

फिजिओ ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. दिसायला काडी, आवाज मात्र माझ्यावर चढ. तिच्याकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ शोभेल असं प्लास्टिकचं दोन पट्ट्यांचं यंत्र आहे. ते खांद्याला लावून ती डिग्री वाचते. पहिल्या दिवशी माझा हात अठ्ठावन्न डिग्री वर गेला. अठ्ठावन्न म्हणजे किती, तर रस्त्यात समोरून ओळखीचं माणूस येतंय पण बोलायचं की नाही ते अजून ठरत नाहीय, इतका. काखेतून कोपराकडे कातडीखाली एक दोरी ताणून बांधल्यासारखी वाटायची. फिजिओ म्हणाली, होतं असं, सुटते ती, पण घाबरून हात छातीशी धरून बसलात तर सुटणार नाही. मी नेमकी तशीच बसले होते. शिवाय पुढे किरणांचे पंचवीस दिवस होते, आणि त्या यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन निपचित पडावं लागतं. म्हणजे हात वर गेल्याशिवाय इलाजही पुरा होणार नव्हता. तेव्हा मी घाबरले, दादा. विनोद करत होते, पण घाबरले होते.

तिच्या खोलीत आम्ही चार बायका भिंतीकडे तोंड करून रांगेत उभ्या राहतो. भिंतीवर खाचा पाडलेली लाकडी पट्टी आहे. तिच्यावर दोन बोटं चालवत एकेक खाच चढायची, वर पोचलं की दहा आकडे मोजायचे, आणि चालतच खाली यायचं. तेहतीस वर्षं मी पोरींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, त्यांचे तळतळाट असे एकरकमी भोवले. बरं, वर्गातली सर्वांत वाईट विद्यार्थिनी मीच ठरले. पहिल्या दोन दिवसांत मी बाकीच्या तिघींना शिकवायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन गेले. फिजिओने शिट्टी जप्त केली. (अजून तिच्या खणात आहे. परत मागायचा धीर होत नाही.) दुसरं म्हणजे मी लबाडी करते. खाच मिळेना की हळूच टाचा उचलायच्या, कंबर वाकवायची, अंग उजवीकडे झुकवायचं, आणि मग चेहरा असा करायचा की जणू हातच वर गेला. पायाचे अंगठे धरताना गुडघे वाकवणाऱ्या पोरी मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून पकडत आले आहे, त्यामुळे ही विद्या मला आतून-बाहेरून माहीत. फिजिओ मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हात वर न्यायचाय. इमारत वाकवायची नाही." बाकीच्या तिघी इतक्या हसल्या की तिघींचेही हात पट्टीवरून सुटले.

घरचा व्यायाम ह्यांच्या देखरेखीखाली. तुझे मेव्हणे चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतात, आणि अशा माणसाची एक खोड असते. शेजारच्या सीटवर बसून तो आपल्या पायाखालचा ब्रेक सदैव चाचपत असतो. मी उताणी पडून दोन्ही हातांत काठी धरायची आणि उजव्या हाताच्या जोरावर डावा डोक्याकडे न्यायचा, असा एक व्यायाम आहे. मी काठी उचलली की हे शेजारी पाय दाबत "सावकाश, सावकाश, क्लच सोडायची घाई नको" सुरू करतात. काठी झाली की भिंतीशी नुसता हात वर न्यायचा. दोन महिन्यांत घरी माझा हात एकशे वीसवर गेला. ह्यांनी तसं कागदावर लिहून आरशाला चिकटवलं. मी तो कागद वाचत दात घासायचे. तपासणीच्या दिवशी फिजिओने यंत्र लावलं आणि म्हणाली, ब्याण्णव. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तिने पुन्हा लावलं. ब्याण्णव. मी म्हटलं, दुसरं यंत्र आणा. (अंपायरच्या निर्णयावर वाद घालणाऱ्या पोरीला मी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावते.) शेवटी ती म्हणाली, घरी कसा करता ते दाखवा. मी हात उचलायला लागले, आणि हे पुढे झाले आणि अगदी सवयीने त्यांनी माझ्या कोपराखाली दोन बोटं लावली. हात एकशे वीस.

फिजिओने विचारलं, हे काय? हे म्हणाले, हे काही नाही, जरा आधार. दोन महिने हा आधार चालू होता आणि मला पत्ता नव्हता, कारण ऑपरेशननंतर हाताच्या मागच्या बाजूची चामडी बधिर असते, तिथे कोणी बोट लावलं तरी कळत नाही. तिने ह्यांना तीन फूट लांब, खिशात हात घालून बसायची शिक्षा दिली. शेजारच्याच्या ब्रेकवर आपण गाडी चालवली असं ज्याला वाटतं त्याला परवाना द्यायचा नसतो, हे ह्यांनीच हजार लोकांना ऐकवलं असेल.  घरी येताना एका चौकात लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाले, "तुला दुखायचं ते मला बघवत नव्हतं." मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांचा हात धरला, डाव्या हाताने, तो तेवढा वर नक्की जात होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा कळलं की दिवा कधीच हिरवा झाला होता.

त्यानंतर मी लबाडी सोडली. (बरीचशी.) खिशात हात घालून बसलेल्या नवऱ्यासमोर रोज तीन वेळा भिंत चढले, रडले, शिव्या दिल्या (शाळेत चालणाऱ्या), किरणांचे पंचवीस दिवस पार पाडले, आणि गेल्या शनिवारपर्यंत खऱ्याखुऱ्या एकशे चौदावर आले. शनिवारी सरावाचा सामना होता. फिजिओ म्हणाली होती, इतक्यात नको. मी तिला सांगितलं नाही.

(आता पुढची दोन वाक्यं तुझ्याने वाचवणार नाहीत, तेव्हा सरळ पुढच्या परिच्छेदावर जा. त्या दिवशी मी पहिल्यांदाच कापसाची डावी बाजू घालून मैदानात उतरले होते, आणि नवव्या षटकापर्यंत ती घामाने जड होऊन काखेत जाऊन बसली होती. मी टोपी सरळ करायचा मोठा देखावा केला आणि त्या आडून तिला जागेवर आणलं. वाचलंस ना? मला माहीत होतं, वाचशील.)

सामना चांगला चालला होता. स्कोअर लिहायला आमच्या ग्रंथपालबाई होत्या. ही बाई पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर मुख्याध्यापकांनाही उभं करते. समोरच्या शाळेने एकाहत्तर धावा केल्या. आमच्या पोरींची नववी फलंदाज गेली तेव्हा बऱ्याच धावा बाकी होत्या आणि दहाव्या नंबरवर एक जाड चष्म्याची मुलगी आली. ती तीन वर्षं संघात आहे आणि तीन वर्षांत तिने बॅटने चेंडूला इजा केलेली नाही. तिने पहिल्याच चेंडूला डोळे मिटले (शपथेवर सांगते, मिटले होते) आणि बॅट फिरवली. चेंडू माझ्या डोक्यावरून, मैदानाच्या कुंपणावरून, पलीकडे उभ्या असलेल्या ह्यांच्या शिकवणीच्या गाडीच्या टपावर जाऊन पडला. षटकार! मी सगळं विसरले. दोन्ही हात एकदम वर फेकले. उजवा गेला. डाव्याला अर्ध्या वाटेत काखेतल्या दोरीने असा हिसका दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तो आपोआप खाली येऊन खिशात लपला. मी दात आवळून तशीच उभी राहिले, एक हात आभाळात. ग्रंथपालबाईंनी हात वर करून खूण पोचल्याचं कळवलं. मला हायसं वाटलं, की चला, निभावलं.

निभावलं कसलं! एक हात डोक्यावर म्हणजे बाय, हे मघाशीच तुला सांगितलं. बायच्या धावा फलंदाजाच्या नावावर पडत नाहीत. चेंडू सीमेपार गेलेला, म्हणून बाईंनी नियमाप्रमाणे चार बाय लिहिल्या. चेंडू बॅटला लागलेला साऱ्या मैदानाने ऐकला होता, पण ग्रंथपालबाई कानांवर चालत नाहीत, खुणेवर चालतात. चष्मेवाली पुढच्या षटकात त्रिफळाचीत झाली. डाव संपला तेव्हा सत्तर धावा. आम्ही एका धावेने हरलो. पोरी रडल्या, समोरच्या नाचल्या. मी माझ्या दुखऱ्या काखेत इतकी गुंतले होते की बेरीज करायचंही सुचलं नाही.

चष्मेवाली धावांच्या फळ्यापाशी जाऊन आली. तिच्या नावापुढे शून्य होतं. ती माझ्याकडे आली. भांडायला नाही हं, दादा, भांडली असती तर मी तिला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. तिने हळूच विचारलं, "बाई, माझा षटकार कुठे गेला?"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नकोस. ग्रंथपालबाईंनी वही उघडली, नियमाचं पुस्तक उघडलं, म्हणाल्या, बाई, तुम्ही एकच हात वर केला होता, मी नाही तर काय लिहिणार? खरंच होतं. दोन्ही संघ जमले, पालक जमले, समितीचे अध्यक्ष छत्री मिटत आले. मी सांगायला सुरुवात केली, माझा खांदा जरा... तुझाच शब्द, दादा, सात महिने जपून वापरलेला. चष्मेवाली लगेच म्हणाली, "माझ्या आजोबांचा पण खांदा दुखतो. पण ते दोन्ही हात वर करतात. दुखलं तरी करतात." समोरच्या शाळेच्या एक शिक्षिका म्हणाल्या, खांद्याचं निमित्त करून निकाल फिरवायचा म्हणजे अतीच झालं. आणि मी त्या पोरीकडे पाहिलं. तिच्या आयुष्यातला एकुलता एक षटकार मी खिशात घालून उभी होते, आणि तो का गेला हे सांगायलाही तयार नव्हते. मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, माझ्या खांद्याला काही झालेलं नाही. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. डावा स्तन काढलाय, म्हणून डावा हात वर जात नाही. तो षटकार होता.

(खुर्चीत नीट बस. झालं, लिहून झालं. घर पडलं का?)

आता माझा आवाज तुला माहीत आहे. तेहतीस वर्षं मी तो भोंग्याशिवाय मैदानाच्या चारही कोपऱ्यांत पोचवत आले, त्याला हळू जाणं जमत नाही. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. ग्रंथपालबाईंचं पेन खाली पडलं. कुंपणापलीकडे गाडीत बसलेल्या ह्यांनी (स्वतःच नंतर सांगितलं) बंद गाडीचा ब्रेक दाबला. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण ते हेच. मान वर करवेना. तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे षटकार आहे ना, बाई?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मग मांडा." ग्रंथपालबाईंनी पेन उचललं, चार बाय खोडल्या, सहा मांडल्या, शेजारी सही केली. बहात्तर. आम्ही जिंकलो. ती शिक्षिका स्वतः येऊन माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन गेली, ते मला फार बरं वाटलं.

खरी गंमत पुढेच आहे. मी सामान आवरत होते तर एका मुलीची आई आली आणि चेंडूंची पिशवी उचलायचं निमित्त करून हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला कळलं कसं? मग आणखी एक. मग मघाची ती शिक्षिका. आम्ही चौघीजणी पाण्याच्या टाकीमागे अर्धा तास उभ्या होतो. दोघींनी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं कबूल केलं. सात महिने मी ज्या शब्दाला झाकून ठेवलं होतं त्याने अर्ध्या तासात एवढं काम केलं. मला उगाच वाटायचं की तो बोलला की आभाळ कोसळेल.

सोमवारी फिजिओकडे गेले. तिला सगळं कळलेलं होतं. (पट्टीवर माझ्या शेजारी उभी राहणाऱ्या बाईची भाची समोरच्या संघात आहे.) दहा मिनिटं ती मला बोलली आणि मी पायांकडे बघत ऐकून घेतलं. मग तिने यंत्र लावलं. काखेतली एक दोरी शनिवारच्या हिसक्याने सुटली होती. ती म्हणाली, अशी सोडवायची नसते, नशीब समजा. एकशे सव्वीस. अध्यक्षांनी कळवलंय की बाईंचे दोन्ही हात खांद्याच्या वर दिसले तरी समितीला चालेल. ग्रंथपालबाईंनी तर आपल्या नियमाच्या पुस्तकात, षटकाराच्या कलमाखाली, शाईने एक ओळ लिहिली आहे: "आमच्या बाईंच्या बाबतीत दोन्ही हात एकशे वीसच्या पुढे." त्या पुस्तकात कुणी पेन्सिलीने रेघ मारली तरी त्या दंड करतात. मी ती ओळ दोनदा वाचली. एकूण, एकोणीस तारखेला मी उभी राहते आहे. सरबत दुसऱ्या कुणाला तरी पाजा म्हणावं.

वहिनींना नमस्कार. गोळी घेत जा. पत्र मिळाल्याचं फोन करून सांग, आणि ह्या वेळी फोन ह्यांना करू नकोस म्हणजे झालं, माझ्याशी बोल.

तुझी धाकटी

ता. क. मलम आता पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर एक शिट्टी पाठव.

ता. क. दुसरा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, आणि मी इतकी पानं लपवलं. आता काढते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात आणखी कुणाला झाला होता? मी म्हटलं, नाही, आई अशक्तपणाने गेली. आपल्याला तसंच सांगितलं होतं ना? मी अकरा वर्षांची होते, तू सतरा. शेवटच्या वर्षी ती सारखी शाल लपेटून असायची, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला तुला हाक मारायची. मला वाटायचं, तू उंच झालास म्हणून. फिजिओच्या भिंतीपाशी अठ्ठावन्न डिग्रीवर उभी असताना मला एकदम कळलं की तिचा हात वर जात नव्हता. दादा, तिला दवाखान्यात तूच न्यायचास. तुला तेव्हापासून ठाऊक आहे. कुणाला बोलू नकोस असं तिने सांगितलं असेल आणि तू सत्तेचाळीस वर्षं तिचा शब्द पाळलास. म्हणूनच तुला माझ्याकडे यायचं धाडस होत नाही, हेही मला कळतं. आता पुरे. ती असती तर तिनेच तुला त्यातून मोकळं केलं असतं. डॉक्टरांना मी नंतर खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, मुली, भाच्या? मला मुलगी नाही. तुला आहे, आणि ती तेहतीस वर्षांची आहे. तिने आत्तापासूनच तपासून घ्यायला हवं. माझी गाठ वेळेवर सापडली म्हणून मी इतकं लांब पत्र लिहू शकले. तिला तू सांग. वहिनींनी नाही, मी नाही, तू. आजीला काय झालं होतं आणि आत्याला काय झालं, खांदा मध्ये न आणता. सगळं पत्र एवढ्यासाठी लिहिलं.

ता. क. तिसरा. खरं तर तिला सगळं माहीत आहे. मला राहवलं नाही, काल फोन करून मीच सांगितलं.  ती म्हणाली, बाबांना आजीचं ठाऊक होतं? मी हो म्हटलं. ती चिडली नाही. तिने तपासणीची वेळ घेतली आहे, एकवीस तारीख, सकाळी साडेनऊ. पण तू सांगेपर्यंत तिला काही माहीत नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. पोरीला नाटक मुळीच जमत नाही, तेव्हा सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघू नकोस. अडखळलास तर अडखळ, तिला घाई नाही. एकवीसला मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. बाबा येतील, म्हणाली.